हेथ माउंट, वुडहॉल पार्क आणि तंजावरचं उभं पीक : हवेलीत भरणाऱ्या एका शाळेचा इतिहास

वेशीबाहेर

लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायरमध्ये वॉटन-ॲट-स्टोन नावाचं गाव आहे. गावाजवळ बीन नावाची लहानशी नदी, ती अडवून केलेलं तळं, भोवती कुरणं आणि मधोमध वुडहॉल पार्क ही अठराव्या शतकातली हवेली. तिच्यात आज हेथ माउंट नावाची प्रेप स्कूल भरते. सात-आठ वर्षांची मुलं घ्यायची, तेराव्या वर्षापर्यंत ईटन-हॅरो छापाच्या शाळांसाठी तयार करायची आणि पुढे धाडायची, हा या शाळांचा धंदा. बहुतेक ठिकाणी वसतिगृहासकट.

अशा शाळांवर इंग्रजीत ढिगाने आठवणी छापल्या आहेत. बर्फासारखं पाणी, लॅटिनची घोकंपट्टी, छड्या, उकडलेला कोबी. ते सगळं खरं असणार, पण दहावं पुस्तक वाचताना कंटाळा येतो. मी अडकलो ते या घराचे मालक कोण कोण होते ते बघताना. पहिले दोघंही मद्रासहून पैसा घेऊन आलेले, आणि दुसऱ्याची भानगड तर सरळ तंजावरच्या भोसल्यांपर्यंत पोचते.

पहिला मालक सर टॉमस रंबोल्ड. ईस्ट इंडिया कंपनीत कारकून म्हणून आला, प्लासीला क्लाइव्हच्या हाताखाली होता, पुढे पाटण्याचा प्रमुख झाला. बंगालात कमावून परतला आणि १७७४ मध्ये वुडहॉलची जमीन घेतली. जुनं घर जळालेलं होतं, म्हणून टॉमस लेव्हर्टन या वास्तुकाराकडून १७७७ पासून नवं बांधायला काढलं. भिंती चढत असतानाच रंबोल्डला मद्रासची गव्हर्नरी मिळाली. १७७८ ते १७८० अशी दोनच वर्षं तो तिथे होता. १७८० च्या एप्रिलमध्ये त्याने मद्रास सोडलं आणि जुलैत हैदरअली कर्नाटकात (तेव्हाचं कर्नाटक, म्हणजे अर्काटच्या नबाबाचा तमिळ मुलूख) उतरला. कंपनीने त्याला बडतर्फ केलं, जमीनदारांकडून पैसे खाल्ल्याबद्दल पार्लमेंटात त्याच्यावर विधेयक आलं आणि वर्षभर रेंगाळून बारगळलं. हा गृहस्थ आधी लंडनच्या व्हाइट्स क्लबात वेटर होता अशी कंडीही तेव्हा पिकली होती. खोटीच, पण लोकांना ती खरी वाटावीशी वाटत होती, यातच काय ते आलं.

रंबोल्ड १७९१ मध्ये गेला आणि घर घेतलं पॉल बेनफिल्डने. हा माणूस १७६४ मध्ये कंपनीच्या नोकरीत मद्रासला आला. पगार वर्षाला काहीशे पौंड. इमारतींची कंत्राटं घेई. चेपॉकचा राजवाडा त्यानेच बांधला असं मानतात. पण खरी कमाई सावकारीची, आणि ऋणको अर्काटचा नबाब महंमदअली. १७७३ मध्ये नबाबाने कंपनीचं सैन्य भाड्याने घेऊन तंजावर जिंकलं आणि तुळजाराजांना कैद केलं. आता तंजावरचा सारा नबाबाचा झाला आणि त्याने तो सावकारांकडे गहाण टाकायला सुरुवात केली. तेवढ्यात लंडनच्या संचालकांनी हुकूम सोडला की तंजावर राजाला परत द्या. त्यासाठी लॉर्ड पिगट गव्हर्नर म्हणून आला आणि १७७६ च्या एप्रिलमध्ये त्याने तुळजाराजांना पुन्हा गादीवर बसवलं.

मग बेनफिल्ड उभा राहिला. म्हणाला, नबाबाला दिलेले १,६२,००० पौंड तंजावरच्या साऱ्यावर आहेत, शिवाय तिथल्या लोकांना दिलेले ७२,००० पौंड वेगळे. राजा आला म्हणून माझं येणं बुडत नाही. शेतातलं उभं पीक माझ्याकडे लावून दिलेलं आहे. पिगटने कागद मागितले, तर दाखवण्याजोगं फारसं काही नव्हतं. पण कौन्सिलातल्या बहुसंख्यांनी बेनफिल्डची बाजू उचलली. वाद चिघळत गेला आणि २४ ऑगस्ट १७७६ रोजी कौन्सिलने आपल्याच गव्हर्नरला अटक केली. पिगट पुढच्या वर्षी मे महिन्यात कैदेतच वारला. अटक करणाऱ्या चौघांवर लंडनमध्ये खटला चालला. शिक्षा : प्रत्येकी हजार पौंड दंड.

बेनफिल्ड सुखरूप राहिला. काही काळ परत बोलावला गेला, पार्लमेंटात निवडून आला, पुन्हा मद्रासला गेला, आणखी पैसा केला आणि १७९० च्या दशकात वुडहॉल घेऊन घराला दोन्ही अंगांनी पंख जोडले. पुढे वॉल्टर बॉइडबरोबर काढलेली पेढी १८०० मध्ये बुडाली आणि १८०१ मध्ये घर सॅम्युअल स्मिथ या बँकवाल्याकडे गेलं. त्या घराण्याकडे ते राहिलं.

आता शाळेकडे. हेथ माउंट मुळात इथली नाहीच. ती लंडनच्या हॅम्पस्टेडमधली. शाळा आपलं वय १७९६ पासून मोजते. म्हणजे ती निघाली तेव्हा वुडहॉलमध्ये बेनफिल्ड नांदत होता आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. हॅम्पस्टेडला असताना पुढे कादंबरीकार झालेला इव्हलिन वॉ तिथे शिकला. सेसिल बीटन हा पुढे गाजलेला छायाचित्रकार त्याच्याच बरोबरचा, आणि वॉ त्याला छळायचा असं दोघांनीही लिहून ठेवलंय. मग १९३० च्या दशकात शाळा बाडबिस्तरा घेऊन वुडहॉलमध्ये आली, स्मिथ घराण्याची भाडेकरू म्हणून.

हे एकट्या हेथ माउंटचं नाही. त्याच दशकात चीम स्कूल सरेमधून बर्कशायर-हॅम्पशायरच्या सीमेवर हेडलीला गेली (१९३४). विंडलशॅम हाउस, जिला पहिली प्रेप शाळा म्हणतात (१८३७), तीही १९३४ मध्येच ससेक्समधल्या हायडेन हाउसमध्ये गेली. सँड्रॉइड युद्ध सुरू होताच रशमोर हाउसमध्ये, पोर्ट रेजिस १९४७ मध्ये मॉटकोम हाउसमध्ये, हॉट्रीज १९४६ मध्ये टॉटनहॅम हाउसमध्ये. पन्नासेक वर्षांत इंग्लंडभरच्या हवेल्यांमधून झोपाळ्यांवर बसणाऱ्या सरदारपुत्रांऐवजी लोखंडी खाटांवर झोपणारी पोरं दिसू लागली.

का, तर घरांचा हिशेब बसेना. १८७० नंतर अमेरिकेतून स्वस्त गहू यायला लागला आणि जमिनीचा खंड कोसळला. १८९४ मध्ये मृत्युकर आला. १९१९ मध्ये तो मोठ्या मालमत्तांवर ४० टक्के झाला. नोकरमाणसं युद्धावर गेली ती परत आली नाहीत. चाळीस खोल्यांचं घर घेणार कोण? हॉटेल, इस्पितळ, वेड्यांचं इस्पितळ, नाहीतर शाळा. त्यांत शाळेला ते आहे तसं चालतं. दिवाणखान्यात प्रार्थना, तबेल्यात वर्ग, शंभर माणसांचा स्वयंपाक होईल एवढा मुदपाकखाना आधीपासून, आणि हरणांच्या कुरणावर क्रिकेट.

माझं म्हणणं एवढंच की या शाळांचा इतिहास शिक्षणाच्या पुस्तकांत शोधण्यापेक्षा जमिनीच्या हिशेबवह्यांत शोधावा. तिथे तो लवकर सापडतो. वुडहॉलच्या वहीची पहिली काही पानं तर आपल्याकडची आहेत.


काळी_दोन

रुमाल टाकून ठेवते, सावकाश वाचते.

वाचलं. एक कळलं नाही. काहीशे पौंड पगाराचा कंत्राटदार अडीच लाखांच्या जवळपास कर्ज देतो कुठून? आणि नबाबाला एवढे पैसे लागतात कशाला?


वेशीबाहेर

@काळी_दोन, चांगला प्रश्न, धाग्यात घाई केली मी तिथे.

नबाब कंपनीचं सैन्य वापरायचा, त्याचा खर्च कंपनी त्याच्याकडे मागायची. त्याच्याकडे रोख नसे. मग कंपनीचेच नोकर खासगीत त्याला रोख पुरवायचे, भरमसाट व्याजाने. ती रोख कंपनीच्या तिजोरीत जायची, साहेब खूश. नबाब कर्जापोटी एखाद्या सुभ्याचा सारा लिहून द्यायचा. पीक आलं की सावकाराचा माणूस खळ्यावर हजर. वसुली झाली की त्याच पैशातून पुढचं कर्ज. म्हणजे बेनफिल्डने स्वतःच्या खिशातून दिलेली मूळ रक्कम किती आणि व्याजावर व्याज चढून फुगलेली किती, हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्यात दुसऱ्या गोऱ्यांचा पैसाही त्याच्या नावाने फिरत असे, कारण वसुलीत तो पटाईत.

१७८५ मध्ये लंडनच्या सरकारने नबाबाची ही खासगी कर्जं चौकशी न करता कर्नाटकाच्या महसुलातून फेडायचं ठरवलं. त्यावर एडमंड बर्कने २८ फेब्रुवारीला पार्लमेंटात जे लांबलचक भाषण केलं, त्यात बेनफिल्डची सालपटं काढली आहेत. मत मात्र सरकारच्याच बाजूने पडलं. पुढे नंतरच्या कर्जांची चौकशी बसली तेव्हा बहुतेक दावे बनावट निघाले.


चहाटळ

म्हणजे घर आपलं, तळं आपलं, तबेला आपला, आणि आता लंडनातले देशी डॉक्टर-इंजिनियर तिथे पोरं घालून फीदेखील आपणच भरायची. तुळजाराजांच्या नावाने दहा टक्के सूट तरी मागा रे कोणीतरी.


तंजावूर_मेल

धागा आवडला. मी तंजावरचीच. आमच्या घरात अजून मराठी बोलतात, त्यामुळे "आपलं, आपलं" वाचून अंमळ हसू आलं.

पीक आपलं नव्हतं हो. कावेरीच्या काठी नांगर धरणारा तमिळ कुळवाडी, त्याचं ते पीक. व्यंकोजीराजे १६७५ च्या सुमारास तिथे बसले, तेव्हापासून शंभर वर्षं आम्ही सारा घेत होतो, मग दोन-तीन वर्षं नबाबाने घेतला. कुळवाड्याच्या दृष्टीने खळ्यावर येणारा माणूस तेवढा बदलला. तुळजाराजेही कर्जात बुडालेले होते. १७७३ मध्ये त्यांनी नागूर डचांना विकलं, तेच निमित्त करून नबाब-इंग्रज चालून आले.

आणि पिगटला हुतात्मा करू नका. भांडण निम्मं या कारणाने झालं की तंजावरात रेसिडेंट (राजाच्या दरबारी कंपनीचा प्रतिनिधी) म्हणून कुणाचा माणूस जाणार. पिगटला रसेल पाठवायचा होता, बहुसंख्यांना कर्नल स्टुअर्ट. जो जाईल तो पीक कुणाच्या वखारीत जाणार ते ठरवणार. सगळ्यांना ठाऊक होतं.

यानंतर १७८१ मध्ये हैदराची फौज आली तेव्हा डेल्ट्याची जी धूळधाण झाली, ती भरून यायला कित्येक वर्षं लागली. त्या दुष्काळात श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याने भात विकत घेऊन लोकांना वाटलं. त्याच श्वार्ट्झच्या देखरेखीखाली तुळजाराजांचा दत्तक मुलगा शिकला. चुलते अमरसिंग त्याला कोंडून ठेवत, म्हणून श्वार्ट्झने त्याला मद्रासला हलवलं. हा मुलगा म्हणजे सरफोजीराजे. सरस्वती महाल ग्रंथालय ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते. त्यांनी पुढे तंजावरात "नवविद्या" शाळा काढल्या; इंग्रजी, मराठी, तमिळ, संस्कृत, फारसी असं सगळं शिकवत. जात-धर्म न बघता पोरं घेत. बेनफिल्डच्या घरात शाळा यायला १९३० चं दशक उजाडलं. आमच्याकडे ती सव्वाशे वर्षं आधी निघाली होती, म्हटलं सांगून ठेवावं. :)


अर्धपुणेकर

तंजावूर_मेल यांच्या प्रतिसादाला +१. पहिल्यांदाच कुणीतरी या विषयावर छाती न पिटता लिहिलं.

वेशीबाहेर, तुमचा "हिशेबवही" सिद्धांत हवेलीपुरता पटतो. शाळेपुरता नाही. हवेल्या रिकाम्या झाल्या म्हणून भाडेकरू मिळाले, ठीक. पण भाडेकरू इतके होते कुठून? सात वर्षांचं पोर घराबाहेर काढायची चाल आधी रुजली म्हणून ना? त्याचं उत्तर जमिनीच्या वहीत नाही.

माझ्या वाचनात आलेलं असं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या शाळांत आठ ते अठरा सगळे एकत्र कोंबलेले असत आणि लहानांचे हाल कुत्रा खात नसे. रग्बी शाळेचा हेडमास्तर टॉमस अर्नोल्ड याने बारा वर्षांखालची मुलं घेणं कमी करत आणलं. मग त्या लहानांसाठी वेगळ्या शाळा निघाल्या, बहुतेक एखाद्या पाद्र्याच्या नाहीतर निवृत्त अधिकाऱ्याच्या घरात. विंडलशॅम काढणारा माल्डनही आरमारातला लेफ्टनंट. आणि गिऱ्हाईक पुरवलं ते साम्राज्याने. हिंदुस्थानातल्या गोऱ्यांची ठाम समजूत की सातव्या वर्षानंतर पोर इथे ठेवलं तर उन्हाने खंगेल, आयांच्या नादी लागेल, बोलण्याला हेल येईल. बोटीत बसवून रवाना. आईबाप पुढे चार-पाच वर्षांनी दिसणार. ज्या मुलाला सुट्टीत जायला घर नाही त्याला वसतिगृह लागणारच.

जॉर्ज ऑर्वेलचंच बघा. जन्म मोतीहारीचा, बाप सरकारच्या अफू खात्यात. आठव्या वर्षी ईस्टबोर्नच्या सेंट सिप्रियन्समध्ये, तेही कमी फीवर, म्हणजे पुढे शिष्यवृत्ती मिळवून शाळेचं नाव काढायचं या बोलीवर. त्याने त्यावर जो निबंध लिहिला तो अब्रूनुकसानीच्या भीतीने ब्रिटनमध्ये १९६८ पर्यंत छापता आला नाही.


वेशीबाहेर

@अर्धपुणेकर, मान्य करायला जड जात नाही, पण पूर्ण मान्य नाही. साम्राज्याने गिऱ्हाईक दिलं हे खरं. तरी १९२० नंतर बघा. हिंदुस्थानात जाणाऱ्या इंग्रजांचा ओघ आटतोय, आणि हवेलीतल्या शाळा नेमक्या तेव्हाच वाढतायत. तेव्हाची गिऱ्हाईकं लंडनचे वकील, दलाल, डॉक्टर. यांची घरं सरेच्या उपनगरात, आईबाप तासाभरावर. त्यांना पोर दूर ठेवायची गरज नव्हती. त्यांना ते हवेलीत वाढलेलं दिसायला हवं होतं. पाच पिढ्यांची जमीन विकत मिळत नाही, पाच वर्षांची फी भरता येते. शाळांच्या माहितीपत्रकांवर आजही पहिलं चित्र कशाचं असतं ते बघा. मास्तरांचं नसतं.

हवेलीवाला भाडं शोधतोय आणि दलाल कुळशील शोधतोय. शाळा ही मधली अडत.


चहाटळ

अडत! हे आवडलं.

अवांतर : या प्रेप शाळांच्या हेडमास्तरांची संघटना १८९२ मध्ये स्थापन झाली. राष्ट्रीय शिक्षणाची चिंता वाहण्यासाठी नव्हे, तर लहान मुलांसाठी क्रिकेटचा चेंडू केवढा आणि खेळपट्टी किती लांब असावी हे ठरवण्यासाठी जमले होते. सामायिक प्रवेश परीक्षा त्यानंतर बारा वर्षांनी, १९०४ मध्ये. प्राधान्यक्रम बघा साहेबाचा.


शेवग्याची_शेंग

मी वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी (म्हणजे खरं आर्किटेक्चर, दक्षिणेला स्वयंपाकघर वालं नव्हे). वुडहॉलमधली एक खोली आमच्या विषयात प्रसिद्ध आहे, तिचा उल्लेख राहिला. तिथली "प्रिंट रूम". अठराव्या शतकात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं विकत मिळत. ती भिंतीला थेट चिकटवायची आणि भोवती कागदाच्याच चौकटी, कागदाच्याच फिती, कागदाच्याच खिळ्यांना टांगल्यासारखी गाठ. लांबून वाटावं तसबिरी टांगल्यात, जवळ गेल्यावर सगळी भिंत सपाट. वुडहॉलची खोली १७८२ ची, आर. पार्कर नावाच्या कारागिराची. तीनशेहून जास्त चित्रं आहेत. अशा खोल्या तेव्हा पुष्कळ झाल्या, टिकल्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक शाळेत टिकली हे विशेष. आमच्या कॉलेजात नोटीस बोर्डसुद्धा टिकत नाही.

१७८२ म्हणजे तुमच्या रंबोल्डवर विधेयक आलं तेच साल ना? तिकडे चौकशी चालू आणि इकडे माणूस भिंतीला चित्रं डकवून घेतोय. मला तो आवडायला लागलाय.

शाळा आल्याने घरं वाचली की बिघडली यावर दोन्हीकडून बोलता येईल. टॉटनहॅम हाउस बघा, १९९४ मध्ये हॉट्रीज चीममध्ये विलीन झाली आणि पुढे काही वर्षांनी ते अवाढव्य घर ओसाड पडलं. उलट कॅसल हॉवर्ड. युद्धात स्कारबरोची क्वीन मार्गारेट्स ही मुलींची शाळा तिथे हलवली होती, नोव्हेंबर १९४० मध्ये आग लागली आणि घुमट कोसळला. चॅट्सवर्थच्या ड्यूकने मात्र युद्ध सुरू होताच वेल्सची पेनरोस कॉलेज ही मुलींची शाळा स्वतःहून बोलावून घेतली. हिशेब साधा : घर सरकार ताब्यात घेणारच, तर शिपाई येण्यापेक्षा मुली बऱ्या. शिपाई जिन्याचे कठडे जाळतात. सहा-साडेसहा वर्षं मुली दरबारी दालनांत झोपल्या, घर धड राहिलं.


माजी_पाचगणीकर

इतका वेळ फक्त वाचत होते, पण घरांचीच काळजी चाललेली बघून लिहावंसं वाटलं. कठडे टिकले, चित्रं टिकली. पोरांचं काय?

मी आठव्या वर्षी पाचगणीला गेले. शाळेचं नाव लिहीत नाही. वडील आखातात, आई त्यांच्याबरोबर. दर रविवारी नाश्त्यानंतर घरी पत्र लिहायचं. बाई वाचत. "मला करमत नाही" लिहिलं तर कागद परत, दुसरं लिही. मग आम्ही हवामान लिहायला शिकलो. आईकडे ती सगळी पत्रं आहेत. वाचली तर वाटेल पाचगणीत पावसाशिवाय काही घडतच नव्हतं.

नंतर इंग्लंडमधल्या लोकांच्या आठवणी वाचल्या तर रविवारचं पत्र, वाचणाऱ्या बाई, हवामान, सगळं हुबेहूब. आमच्या टेकडीवर साहेबाने शाळा काढल्या त्या आपल्या नमुन्यावर, आणि साहेब गेल्यावरही आम्ही नमुना जपला. फ्रेडी मर्क्युरी आठव्या वर्षी झांझिबारहून पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये आला तो याच कारणाने, बाप इंग्रज सरकारच्या नोकरीत परमुलखात. गोऱ्या कलेक्टराचं पोर बोटीने इंग्लंडला, पारशी कॅशियरचं पोर बोटीने मुंबईला.

वाईटच झालं असं नाही म्हणणार. वाचायला तिथे शिकले, मैत्रिणी आजही आहेत. पण स्वतःच्या मुलाला पाठवलं नाही.

आणि "छड्या, कोबी, कंटाळा येतो" हे वाक्य जरा टोचलं. इंग्लंडच्या खासगी शाळांत छडीवर कायद्याने बंदी यायला १९९८ उजाडलं. सरकारी शाळांत ती त्याच्या दहा-बारा वर्षं आधीच गेली होती. म्हणजे जास्त पैसे भरणाऱ्यांची मुलं जास्त वर्षं मार खात होती. २०२२ मध्ये तिथल्या सरकारी चौकशी आयोगाचा निवासी शाळांतल्या लैंगिक अत्याचारांवरचा अहवाल आला. तो वाचवत नाही. घर जितकं लांब, फोन जितका कमी, तितकं लपवणं सोपं. कुरणं, तळी, मधोमध एकटी हवेली हे लपवायलाही सोयीचं असतं.


वेशीबाहेर

@माजी_पाचगणीकर, टोचायलाच हवं होतं. तुमच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. ते हिशेबाच्या वहीत कुठल्या रकान्यात टाकायचं तेही मला माहीत नाही.


केंटकर_काका

इथे वीसेक वर्षं आहे, आमच्या भागात अशा तीन-चार शाळा आहेत म्हणून सध्याची परिस्थिती सांगतो. सात वर्षांचं पोर पूर्ण सत्रभर ठेवणारे आता फार थोडे. बहुतेक मुलं रोज बसने येतात, आठवड्यातून एक-दोन रात्री हवं तर राहतात. त्याला फ्लेक्सी बोर्डिंग म्हणतात. आईबाप दोघं नोकरी करणारे, त्यांना ते पाळणाघरासारखं सोयीचं. मुली आल्या. हेथ माउंटही आता मुलामुलींची आहे. हेडमास्तरीणबाईंना पालक पहिल्या नावाने हाक मारतात.

आपले लोक भरपूर. माझ्या मुलीची शाळा सरकारी, पण हॉकीच्या सामन्याला आम्ही अशाच एका हवेलीत गेलो होतो. चहाच्या टेबलावर साहेब कमी आणि गुजराती-तेलुगू जास्त. एका आजींनी डब्यातून चकल्या काढल्या.

मात्र धंदा कठीण झालाय. जुन्या छपराचा खर्च काय असतो ते ज्याचं त्याला माहीत. संरक्षित वास्तू म्हणून खिडकीसुद्धा मनाने बदलता येत नाही. ॲशडाउन हाउस ही शाळा त्याच नावाच्या घरात १८८६ पासून चालत होती, बोरिस जॉन्सन तिथलाच. २०२० मध्ये कायमची बंद. ते घर बांधलं बेंजामिन लाट्रोबने १७९३ मध्ये, जो नंतर अमेरिकेत जाऊन तिथल्या कॅपिटॉलवर काम करता झाला. आता जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागलाय. म्हणजे वेशीबाहेर यांचा सिद्धांत पुढे चालू. हवेलीवाल्यांना करांनी घालवलं, आता भाडेकरूंची पाळी.


काळी_दोन

काका, चकल्यांसाठी वेगळा लाइक.

आपल्याकडचे संस्थानिक पोरं पाठवत का तिकडे प्रेपमध्ये? की राजकुमार कॉलेजातच?


अर्धपुणेकर

बहुतेक राजकोट-अजमेरलाच. पण इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) चीम स्कूलला होते, मग चार्टरहाउस, मग ऑक्सफर्ड. चीम तेव्हा जुन्या जागी, सरेमध्येच होती. ते गेल्यावर काही वर्षांनी ग्रीसचा राजपुत्र फिलिप तिथे आला, आणि नंतर त्याने आपल्या मुलाला, म्हणजे आताच्या राजा चार्ल्सला तिथेच घातलं, फक्त तोवर शाळा हेडलीला गेली होती. होळकरांचं पुढे काय झालं ते इंदूरच्या माणिकबागेत दिसतं. परत येऊन त्यांनी हवेली-बिवेली न बांधता जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसकडून १९३० च्या सुमारास लोखंड-काचेचं, एसीवालं अतिआधुनिक घर बांधून घेतलं. एवढी वर्षं जुन्या इंग्रजी भिंतींत काढल्यावर मलाही तसंच वाटलं असतं.


तंजावूर_मेल

बेनफिल्डचं शेवटी काय झालं ते कुणीच लिहिलं नाही. पॅरिसला १८१० मध्ये मेला, कफल्लक. अर्काटचं व्याज पचलं, लंडनचं पचलं नाही.


शेवग्याची_शेंग

कंपनीवाल्यांच्या घरांत भरणारी आणखी एक शाळा : एशरचं क्लेअरमाँट. जुनं घर पाडून क्लाइव्हने नवं बांधलं, बाग केपेबिलिटी ब्राउन या नामांकित बागकाराची. १७७४ मध्ये क्लाइव्ह मेला, राहणं फारसं झालंच नाही. पुढे ते राजघराण्याकडे गेलं आणि १९३१ पासून तिथे शाळा. म्हणजे पुन्हा तेच दशक.


वेशीबाहेर

अरे वा, हे डोक्यात नव्हतं. आणि क्लाइव्हचं नाव झालं ते १७५१ च्या अर्काटच्या वेढ्यात. तो वेढा उठला त्याचं एक कारण मुरारराव घोरपड्यांचे स्वार मदतीला येतायत ही बातमी. या दोन्ही घरांच्या पायात मराठे निघावेत म्हणजे कमाल आहे.


तंजावूर_मेल

मुराररावांचं श्रेय फुकट वाटू नका, त्यांनी पैसे ठरवून घेतले होते. आणि आधी कुणाच्या बाजूने जायचं ते बघत बसले होते. त्यांची गुत्ती हैदराने घेतली तेव्हा ते कैदेत गेले आणि तिथेच संपले. त्यांच्यावर एक वेगळा धागा काढा, इथे फार अवांतर होतंय.


वेशीबाहेर

काढतो. गुत्तीच्या किल्ल्याचे फोटो कुणाकडे असतील तर व्यनि (खासगी निरोप) करा.